रेघ त्यांची, रंग आपला

‘अगदी असाच करून द्या,’ म्हणत ग्राहक मोबाइलवर जुन्या युरोपीय शहराचा रंगीत नकाशा पुढे करतो आणि आपण लगेच रंग जुळवायला बसतो. हाताने नकाशे रंगवणाऱ्या आपल्या सगळ्यांना या महिन्यात एवढेच सांगायचे आहे की, सुरुवात रंगापासून करू नका.

सोळाव्या शतकातले बहुतेक नगर-नकाशे रंगीत छापलेच जात नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यात काळी शाई भरायची आणि दाबयंत्राखाली कागदावर ठसा घ्यायचा. रंग नंतर ब्रशने भरला जाई. कधी विक्रेत्याकडे, कधी घेणाऱ्याच्या फर्माइशीनुसार, कधी तर कितीतरी वर्षांनी. गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबर्ग यांच्या प्रसिद्ध नगरसंग्रहाचा पहिला खंड कोलोनमध्ये १५७२ साली निघाला, सहावा १६१७ साली. त्यातले एकच पान एका प्रतीत लालभडक छपरांचे दिसते, दुसऱ्या प्रतीत निव्वळ काळे-पांढरे. तेव्हा रंगाचे ‘मूळ’ शोधत बसण्यात अर्थ नाही. सगळ्या प्रतींत सारखी असते ती रेघ. रंगात आपल्याला मोकळीक आहे, रेघेत नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हा डच माणूस १५८३ साली गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोवा शहराचा मोठा नकाशा आहे. मांडवीत गलबते, रस्त्यांच्या दुतर्फा घरांच्या रांगा, चर्च, बाजाराची जागा. आज जुने गोवे येथे मोठी चर्च उभी आहेत, पण त्यांच्याभोवतीची गजबजलेली वस्ती उरलेली नाही. ती वस्ती डोळ्यांपुढे उभी करणाऱ्या मोजक्या साधनांत हा नकाशा येतो. कंटाळा आला म्हणून नक्कल करणाऱ्याने घरांची एक रांग गाळली, तर एक अख्खी गल्ली नाहीशी होते.

मूळ नकाशातली चूकही तशीच उतरवावी. ब्राउन-होगेनबर्गच्या गोव्याच्या चित्रावर शहर ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचे साल १५०९ दिले आहे; पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० साली. ही दुरुस्ती समोर करायची नाही. चौकटीच्या मागे लिहायची.

आता हिरव्याविषयी. जुन्या नकाशांतला हिरवा बहुधा जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा. तो कागद खातो. झाडी रंगवलेल्या जागी कागद तपकिरी पडतो, पाठीमागे डाग उमटतो, शेवटी तडकतो. जाणकार संग्राहक नकाशा उलटा करून हाच डाग पाहतात. आपण क्रोमियम ऑक्साइडसारखा टिकाऊ हिरवा वापरावा आणि पाठीमागचा डाग नकली करू नये. चहाचे पाणी फासून, कडा मेणबत्तीवर जाळून कागद ‘जुना’ करण्याची खोड तर साफ सोडावी. चहातले टॅनिन कागदात आम्लता वाढवते, कागद लवकर ठिसूळ होतो आणि भोळा ग्राहक फसतो. चिंध्यांच्या लगद्याचा चांगला हातकागद पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो. आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरच्या कागदाला पेशवाईत केवढा मान होता! नव्या कागदाला नवा दिसू द्या.

आणखी एक. भीमाकाठच्या वडगाव रासाईतल्या नव्या घराच्या बैठकीसाठी कोणी व्हेनिसचा नकाशा मागितला, तर जरूर करून द्या, त्यात कमीपणा नाही. मात्र त्याच शेजारी वडगाव रासाईचा नकाशा का नसावा, हेही विचारा. याकोपो दे बार्बारीने १५०० साली सहा लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले व्हेनिस कुठल्याही एका जागेवरून दिसत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून केलेली पाहणी जुळवून त्याने ते आकाशातून पाहिल्यासारखे उभे केले. ही रीत आपल्याला शिकता येते. भूमी अभिलेखच्या गाव नकाशावरून शिवाराची हद्द घ्या, नदीचे वळण नीट पाहा, रासाईचे देऊळ, गावठाणातल्या आळ्या, उसाचे फड, विहिरी हे सगळे स्वतः फिरून टिपून आणा. गावातल्या जुन्या जाणत्यांना बरोबर घ्या, पांदीची नावे त्यांनाच ठाऊक असतात. असे काम वेळखाऊ असते आणि त्याची मजुरी नकलेपेक्षा जास्तच घ्यायला हवी. ती मागताना संकोच करू नका.

नकला मात्र होत राहणार, आणि व्हाव्यात. म्हणून सर्व कारागीर मित्र-मैत्रिणींना विनंती आहे. इथून पुढे प्रत्येक कामाच्या पाठीमागे मूळ नकाशाकाराचे नाव, मूळ साल, आकार किती पटीने बदलला ते, वापरलेले रंग, स्वतःचे नाव आणि आजची तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहा. ‘नक्कल’ हा शब्द त्यात ठळक असू द्या.