स्वमत गाईडमध्ये सापडत नाही

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा एक प्रश्नप्रकार आहे. पाठ वाचून विद्यार्थ्याला काय वाटले, ते त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे, ही त्यामागील अपेक्षा. पाठांतराच्या शिक्षणाला छेद देणारी ही कल्पना स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु परीक्षा जवळ आली, की बाजारातील गाईडे उघडून पाहावीत. त्यांत ‘स्वमत’ही छापून तयार असते! स्वतःचे मत दुसऱ्याने लिहून द्यायचे आणि मुलाने ते घोकून उतरवायचे. मेकॉलेला नावे ठेवणे सोपे आहे. पण ही रीत त्याने घालून दिलेली नाही, ती आपणच रूढ केली.

या छापील मतांचा सर्वांत मोठा फटका बसतो तो ललित निबंधाला. एका माणसाने आपल्या जगण्यातले काही मोकळेपणाने सांगावे आणि वाचणाऱ्याने आपल्या जगण्याकडे वळून पाहावे, हाच ज्या लेखनाचा हेतू, त्याचे उत्तर आधीच ठरलेले असेल, तर वाचायचे तरी कशाला?

इरावती कर्वे यांचे लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. परंतु त्यांचे आयुष्य घडवणारी दोन्ही घरे रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतील. ज्यांच्या घरी त्या वाढल्या, ते रँग्लर परांजपे दापोली तालुक्यातील मुर्डीचे आणि सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे त्याच तालुक्यातील मुरूडचे. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे संशोधन करणाऱ्या या विदुषीने ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ हे निबंधसंग्रह मराठीला दिले. त्यांच्या ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

‘परिपूर्ती’ हा त्यांचा शीर्षकनिबंध सर्वपरिचित आहे. एका सभेत इरावतीबाईंची ओळख करून दिली जाते, ती वडिलांची कन्या, महर्षींची सून आणि पतीची पत्नी म्हणून. ओळख भारदस्त खरी, पण काहीतरी राहून गेल्याची रुखरुख त्यांना लागते. परतताना रस्त्यावरच्या शाळकरी मुलांपैकी एक जण त्यांना आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतो आणि अपुरी राहिलेली ओळख पूर्ण झाल्याचे समाधान त्यांना मिळते.

हा निबंध आजच्या वर्गात वाचला, तर काय उमटते? गाईडवर पोसलेली मुले मातृत्वाच्या महतीवर दहा ओळी लिहून मोकळी होतात. शहरी वाचनाचा संस्कार झालेली एखादी मुलगी मात्र उसळून विचारते, “एवढी मोठी संशोधक, तिची पूर्णता मुलाची आई होण्यातच का?” या दोन उत्तरांपाशीच चर्चा बहुधा थांबते.

लांज्यासारख्या तालुक्यातील वर्गात तिसरे उत्तर दडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक. त्याचे कारण उघड आहे. घरोघरचा पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेला आणि मागे शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुलांची शाळा बाईने एकटीने सांभाळली. अशा घरातील मुलाला ‘अमक्याची आई’ हे शब्द केवळ मायेचे वाटणार नाहीत. त्यांत त्याला नांगरणीचे मजूर ठरवणारी, सोसायटीचे कर्ज फेडणारी, गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी घराची कर्ती दिसेल. आणखी एक गोष्ट त्याला सुचू शकेल. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. इरावतीबाईंची ओळख मुलामुळे पूर्ण झाली. आता मुलाची ओळख आईमुळे पूर्ण होणार आहे. हे उत्तर कोणत्याही गाईडमध्ये मिळणार नाही.

मुलीने निबंधावर आक्षेप घेतला, की संस्कार सुटल्याची भीती बाळगणारी घरे आपल्यातही आहेत. ही भीती अनाठायी आहे. १९३६ साली वर्धा येथे राष्ट्र सेविका समितीची स्थापना करणाऱ्या वंदनीय मावशी केळकर यांच्या कार्यातून सेविकांपुढे तीन आदर्श उभे राहिले : मातृत्वाचा जिजाबाई, कर्तृत्वाचा अहिल्याबाई आणि नेतृत्वाचा राणी लक्ष्मीबाई. एकट्या मातृत्वावर स्त्रीजीवनाची इतिश्री हा विचार आपल्या परंपरेनेच मान्य केलेला नाही. लांजा तालुक्यातील कोट हे तर झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव म्हणून ओळखले जाते. पाठीशी दत्तकपुत्र बांधून रणात उतरलेली राणी जनमानसात कोरली गेली आहे. तिच्यातील आई आणि सेनानी वेगळ्या करता येतील काय? मातृत्व म्हणजे केवळ बंधन, असे मानणाऱ्या पुरोगामी मंडळींनी आणि मातृत्व म्हणजेच सर्वस्व, असे सांगणाऱ्या आपल्यातील काहींनीही या चित्राकडे पुन्हा पाहावे.

खुद्द इरावतीबाई दुसऱ्याचे उत्तर उतरवून काढणाऱ्यांपैकी नव्हत्या. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. कवटीच्या ठेवणीतील विषमतेवरून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध होते, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक आढळत नाही, हा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाला हवे असलेले ‘स्वमत’ त्यांनी लिहिले नाही. १९३० साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. अशा लेखिकेच्या निबंधावर मुलांकडून साचेबंद उत्तरे घ्यावीत, हा तिच्यावर अन्याय आहे.

याच संग्रहातील ‘वाटचाल’ हा वारीवरचा निबंध तर अधिक अवघड प्रश्न विचारतो. विठ्ठलावर इरावतीबाईंचे प्रेम असे, की एका निबंधात त्यांनी त्याला चक्क ‘बॉयफ्रेंड’ म्हटले. परंतु त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. दिंडीत भजन एकत्र, चालणे एकत्र. पण जेवणाच्या पंगती जातीनिहाय वेगळ्या, हे त्यांनी पाहिले आणि त्याचे दुःख लिहून ठेवले. हा भाग वाचताना वर्गातील एखादा विद्यार्थी म्हणेल, “आमच्या आजोबांनी हेच भोगले.” शिक्षकाने त्या वेळी काय करावे? विषय बदलावा, की पुढे ऐकावे?

रत्नागिरी जिल्ह्याला याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जायला नको. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी येथे सहभोजने घातली आणि शाळांत सर्व जातींची मुले सरमिसळ बसावीत म्हणून घरोघर जाऊन आग्रह धरला. भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंसाठी उघडले. पुढे १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध निषेध केला. हिंदू समाज एक व्हावा ही ज्यांची इच्छा, त्यांनी वेगळ्या पंगतींची आठवण टाळून चालणार नाही. जखम आहे हे मान्य करणारा विद्यार्थी समाज तोडत नाही. जखम झाकणारा मात्र ती चिघळू देतो. समरसतेची सुरुवात अशा ऐकून घेण्यातूनच होते.

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला अर्थ नाही, ही आपल्या शास्त्रचर्चेची शिस्त होती. उपनिषदांतील गार्गीने भरसभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारले आणि परंपरेने तिचे नाव आदराने जपले. तीच शिस्त मराठीच्या तासाला आणता येईल. शिक्षकांनी आधी मूळ निबंध पूर्ण वाचून घ्यावा आणि उत्तर लेखिकेच्या बाजूचे की विरोधी, यावर नव्हे, तर त्यामागील विचारावर गुण द्यावेत. पालकांनी गाईडऐवजी मूळ पुस्तक घरी आणावे. आपल्या अभ्यासवर्गांतून आणि वसतिगृहांतूनही एखादी संध्याकाळ अशा वाचनाला देता येईल. तेथे गुणांची भीतीही नसते.

मुलांची उत्तरे प्रत्येक वेळी आवडतीलच असे नाही. पण आज मराठीच्या तासाला ज्या मुलीला प्रामाणिकपणे लिहू दिले जात नाही, ती उद्या ग्रामसभेत, बँकेत किंवा स्वतःच्या घरात निर्भयपणे कशी बोलेल? स्वतःचे मत बनवण्याची सवय लहानपणीच लावावी लागते.