न वाचलेला लॉग आणि न तपासलेला बॅकअप

आपल्या विज्ञानवार्तांमध्ये यंत्रांचे आगमन असते, देखभाल नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये येथे वाराणसीत, आयआयटी-बीएचयूमध्ये, राष्ट्रीय महासंगणन अभियानातील पहिल्या ‘परम शिवाय’ महासंगणकाचे उद्घाटन झाले आणि ती देशभर बातमी झाली. ते योग्यच होते. परंतु देशातील संस्थांमध्ये रोज चालणाऱ्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या सर्व्हरचे लॉग कोण वाचतो, हा प्रश्न बातमीत कधीच येत नाही. तो यायला हवा.

एप्रिल २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीची मौखिक परीक्षा ऑनलाइन घेण्याची वाट मोकळी केली. तेव्हापासून ही प्रणाली पुरावा सांभाळणारी यंत्रणा झाली आहे. परीक्षक किती वाजता जोडले गेले, संपर्क मध्येच तुटला काय, मुद्रण कोणी पुसले, असा वाद उद्या उद्भवल्यास उत्तर लॉगमध्येच शोधावे लागेल. पणाला लागते ते एखाद्या विद्यार्थ्याचे पाच वर्षांचे काम.

नियम आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला ही दुसरी अट विशेष मोलाची वाटते. दोन सर्व्हरांच्या घड्याळांत चार मिनिटांचे अंतर असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही. मग कारण आणि परिणाम वेगळे कसे करणार?

तथापि जपणे म्हणजे वाचणे नव्हे. फसलेली लॉगिन, अवेळी झालेले अधिकारबदल, डिस्कवरील उरलेली जागा एवढे पाहण्यास आठवड्याला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो, हे खरे दुखणे आहे.

बॅकअपचेही तसेच. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठात, जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती चढवली गेली. महासंगणकाच्या साठवणीतील ७७ टेराबाइट विदा पुसली गेली. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांपैकी ४ गटांची विदा परत मिळवता आली नाही. देखभाल हे दुय्यम काम नव्हे, ते जोखमीचे काम आहे, हाच याचा अर्थ. नोव्हेंबर २०२२ च्या सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या एम्समध्ये कित्येक दिवस कागदावर कारभार चालवावा लागला. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून तोडूनच ठेवली पाहिजे.

‘मनुष्यबळ नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. नवा सर्व्हर घेण्यास निधी मिळतो, तर तो सांभाळणाऱ्या माणसाच्या तासांसाठीही मिळायला हवा. पावसाळा सरला की येथील घाटांवरचा गाळ दरवर्षी उपसावा लागतो. घाट एकदा बांधला म्हणून कोणी तसाच सोडत नाही.

माझी मागणी साधी आहे. दर तीन महिन्यांनी एखादे जुने मुद्रण बॅकअपमधून कोऱ्या सर्व्हरवर उतरवून चालवून पाहावे आणि तारखेसह अहवाल लिहावा. आपल्या संस्थेत हे शेवटचे कधी झाले, एवढे तरी विचारून पाहा.