फॉन्ट वाटा, पण कुलूप लावून नको

माझ्या मामांनी अंबड तालुक्यातल्या आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. ११२ पानं. २००७ साली जालन्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतला, दोनशे प्रती छापल्या, वाटल्या. मामा गेले. आता दुसरी आवृत्ती काढावी म्हणून सीडीतली फाईल उघडली, तर आत मराठीचा पत्ताच नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, सगळा चिवडा. फॉन्ट होता कुणा हौशी पोराने बनवलेला, पेन ड्राइव्हवरून फिरत आलेला. आज तो कुणाकडेच नाही.

त्या पोराला मी शिव्या देणार नाही. तेव्हा सगळे तसंच करत होते. भांडायचंय ते त्याच्या आजच्या वारसदारांशी. 'सुलेखन फॉन्ट, फ्री डाउनलोड' म्हणून टेलिग्रामवर जे टाकता ना, त्यात अजूनही युनिकोड नसलेले फॉन्ट असतात.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. डोळ्यांना 'क' दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र तिथे 'डी'च असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळाला. कृतिदेव, श्रीलिपीसाठी निदान कन्व्हर्टर आहेत. तुम्ही आपल्या मनाने जागा बदलून बनवलेल्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर कोण लिहिणार? असा मजकूर शोधून सापडत नाही, फोनवर वाचता येत नाही, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तो वाचायला गेला तर इंग्रजीत बरळतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, फ्लेक्स चार दिवसांत उतरतो! मान्य. गांधी चमनपासून भोकरदन नाक्यापर्यंतचे वाढदिवसाचे फ्लेक्स जपून ठेवा असं कोण म्हणतंय? (लवकर उतरले तर उलट बरंच.) पण ज्या संगणकावर फ्लेक्स होतो त्याच्यावरच स्मरणिका होते, साप्ताहिक होतं, कुणाचा तरी पहिला कवितासंग्रह होतो. ऑपरेटर हाताशी असेल तो फॉन्ट लावतो.

दुसरं उत्तर, जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालत नाही. पेजमेकर ७ आलं २००१ साली. त्या वर्षी जन्मलेली पोरं मतदान करून आली! र. कृ. जोशींचा 'मंगल' तर त्याच्याही आधी विंडोज २०००मध्ये होता. इंकस्केप, लिबरऑफिस फुकट मिळतात आणि दोन्हींत युनिकोड मराठी चालते.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे. युनिकोड फॉन्ट बनवणं जिकिरीचं काम आहे. शेकडो जोडाक्षरं, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'मधला तो अर्धा र, २००९च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवलेले मराठी वळणाचे ल आणि श. शिवाय नुसती अक्षरं काढून भागत नाही, कोण कुणाला कसं जुळेल याचे नियम लिहावे लागतात. वर्ष-वर्ष जातं.

पण ते नियम शून्यापासून लिहायला तुम्हाला सांगितलंय कुणी? मुंबईच्या 'एक टाईप'ने मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली खुले केलेत. वापरा, बदला, वाटा. अटी मोजक्याच: नुसता फॉन्ट विकायचा नाही, परवाना सोबत ठेवायचा, बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यायचा आणि मूळ नाव राखीव असेल तर आपलं वेगळं नाव ठेवायचं. म्हणजे त्यांचे नियम घ्या, त्यात स्वतःच्या हातची अक्षरं बसवा. फॉन्टफोर्जही फुकट आहे. अंबडच्या पोराला याहून जास्त काय द्यायचं?

आणि आपण करतो काय, तर झिपमधली परवान्याची फाईल काढतो, बनवणाऱ्याचं नाव पुसतो, ग्रुपचा लोगो चिकटवून पुढे ढकलतो. वर मराठीची सेवा म्हणून हात जोडलेले इमोजी.

मामांचं पुस्तक मी छापील प्रतीवरून फोनवर पुन्हा टाईप करतेय. रोज दोन पानं. काल ४३वं झालं.