मेंदूच्या चित्रातले रंग कोण भरतो?

आरोपीची संमती नसताना नार्को चाचणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी पुन्हा एकदा बजावले. बिहारमधील एका प्रकरणात न्या. संजय करोल आणि न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने दिलेला हा निकाल २०१० च्या ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निवाड्यावर आधारलेला आहे. त्यानंतरची चर्चा साहजिकच नार्कोभोवती, म्हणजे औषध टोचून आरोपीला बोलते करण्याभोवती फिरली. पण सेल्वी निवाड्याने संमतीची अट तीन चाचण्यांना लावली होती : नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूतील विद्युतलहरींची चाचणी. यातील तिसरी चाचणी सर्वांत कमी समजलेली आहे. तिच्यात निष्कर्ष काढण्याचे काम संगणकातील प्रणाली करते, आणि तिचा सर्वांत गाजलेला खटला महाराष्ट्रातला आहे.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खून खटल्यात एका तरुणीला आणि तिच्या सहआरोपीला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. निकालपत्रात इतर साक्षीपुराव्यांबरोबर ‘बीईओएस’ या चाचणीची सविस्तर दखल घेण्यात आली होती. या चाचणीत संशयिताने एक शब्दही बोलायचा नसतो. डोक्यावर तीसेक इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालून, डोळे मिटून बसायचे. मग घटनेशी संबंधित छोटी छोटी वाक्ये, जणू तो स्वतःच सांगतो आहे अशा प्रथमपुरुषी भाषेत ऐकवली जातात. प्रत्येक वाक्यानंतर मेंदूतील लहरी कशा बदलतात ते नोंदवले जाते आणि संगणक प्रणाली सांगते की, अमुक गोष्ट या व्यक्तीला नुसती ‘माहीत’ आहे की तिने ती प्रत्यक्ष ‘अनुभवली’ आहे. ही पद्धत बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत पूर्वी काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केली होती.

पुण्याच्या निकालाची बातमी जगभर गेली आणि अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. ऐकलेली गोष्ट, वर्तमानपत्रात वाचलेली गोष्ट, पोलिसांनी चौकशीत वीस वेळा विचारलेली गोष्ट आणि स्वतः केलेली गोष्ट यांतला फरक डोक्याच्या कातडीवरून नोंदवलेल्या लहरींतून खात्रीने ओळखता येतो का? येत असेल, तर शंभरात किती वेळा चुकतो? ही प्रणाली त्या वेळी स्वतंत्र शास्त्रज्ञांनी खुलेपणाने तपासलेली नव्हती. म्हणून या प्रश्नांना तपासता येईल असे उत्तर नव्हते. त्याच वर्षी निम्हान्सचे तत्कालीन संचालक डॉ. डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे मत देऊन गुन्ह्यांच्या तपासात त्या वापरू नयेत, अशी शिफारस केली. पुढे अपील प्रलंबित असताना मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातील आरोपींच्या शिक्षेला स्थगिती देऊन जामीन मंजूर केला.

५ मे २०१० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सेल्वी निवाडा दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील तत्त्व त्यांनी या चाचण्यांना लागू केले. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही. तिच्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर तिचा विचार होऊ शकतो, असे त्यांनी स्पष्ट केले. न्यायालयाने नागरिकाच्या हक्काचा प्रश्न सोडवला. मोजमाप करणारी प्रणाली विश्वासार्ह आहे हे कसे ठरवायचे, हा प्रश्न मात्र शास्त्राचा आहे. मेंदूच्या दुसऱ्या एका, अधिक प्रतिष्ठित तंत्राच्या बाबतीत तो गेली पंधरा-वीस वर्षे गाजतो आहे. त्या तंत्राचे नाव फंक्शनल एमआरआय.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या दक्षिणेकडच्या वस्त्यांतून मिहानमधल्या एम्समध्ये किंवा शहरातल्या खासगी रुग्णालयांत जाणाऱ्या रुग्णाच्या फायलीत मेंदूचा जो एमआरआय असतो, तो बहुतेक वेळा रचना दाखवणारा असतो. गाठ कुठे आहे, रक्तस्राव झाला आहे का, सूज किती आहे हे त्यातून कळते. पुढे ज्या त्रुटींची चर्चा आहे, त्यांचा या नेहमीच्या तपासणीशी संबंध नाही. फंक्शनल एमआरआय वेगळा. तो मेंदूचा कोणता भाग कोणत्या कामात गुंतला आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न करतो.

त्याचे तत्त्व जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात आणि तो फरक यंत्र टिपते. म्हणजे येथे थेट पेशींचे काम मोजले जात नाही. त्या कामामागोमाग चार-सहा सेकंदांनी शिगेला पोचणारा रक्ताचा बदल मोजला जातो. हा बदलही जेमतेम एक-दोन टक्क्यांचा. रुग्णाने मान किंचित हलवली, खोल श्वास घेतला, तरी त्याहून मोठा चढउतार होऊ शकतो.

यंत्रातून बाहेर पडते ती आकड्यांची रास. मेंदूचे सुमारे तीन मिलिमीटरचे लाखभर लहान घन कल्पून, प्रत्येकाची नोंद दर दोनएक सेकंदांनी घेतली जाते. या राशीचे चित्र करण्याचे काम सॉफ्टवेअर करते. लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन यांनी सुरू केलेले ‘एसपीएम’, अमेरिकेत रॉबर्ट कॉक्स यांनी १९९४ मध्ये तयार केलेले ‘अफनी’ आणि ऑक्सफर्डचे ‘एफएसएल’ ही त्यातली प्रमुख नावे. आधी मान हलल्यामुळे आलेली गडबड दुरुस्त करायची, मग प्रत्येकाचा मेंदू एका प्रमाण नकाशावर बसवायचा, शेजारच्या घनांची सरासरी काढून आकडे थोडे ‘गुळगुळीत’ करायचे, आणि शेवटी प्रत्येक घनासाठी संख्याशास्त्रीय कसोटी लावायची. कसोटी उतरली, तो भाग लाल-पिवळा रंगवायचा. प्रत्येक पायरीवर किती, कसे आणि कुठवर, याचा निर्णय माणसाला करावा लागतो. रेषा थोडी खाली ओढली की चित्रात रंग वाढतात, वर नेली की ते नाहीसे होतात.

धोका कुठे आहे ते नाण्याच्या उदाहरणाने कळते. एका माणसाने दहा वेळा नाणे उडवले आणि दहाही वेळा छाप आला, तर आश्चर्य वाटेल. पण लाखभर माणसांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले, तर त्यांतल्या सुमारे शंभर जणांना निव्वळ योगायोगाने दहाही वेळा छाप येईल. त्या शंभरांना बाजूला काढून ‘यांच्या हातात जादू आहे’ म्हणणे जसे चूक, तसेच लाखभर घनांवर कसोटी लावून योगायोगाने उतरलेले ठिपके ‘मेंदूची हालचाल’ म्हणून रंगवणे चूक. अमेरिकन संशोधक क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे मेलेल्या सामन माशावर दाखवून दिले. माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि योगायोगासाठीची दुरुस्ती न करता हिशेब केला. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली. या प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल हा गमतीदार पुरस्कार मिळाला, पण धडा गमतीचा नव्हता.

दुरुस्तीची पद्धतच सदोष असेल तर? २०१६ मध्ये स्वीडनचे अँडर्स एकलुंड, ब्रिटनमधले थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींची, काहीही काम न करता पडून असतानाची स्कॅन घेतली. त्यांचे यदृच्छेने गट पाडून सुमारे तीस लाख वेळा तुलना केली. गटांत काही फरक असण्याचे कारणच नव्हते. चुकीचा ‘शोध’ फार तर पाच टक्के वेळा लागायला हवा होता. वर उल्लेखिलेल्या तिन्ही प्रणालींच्या एका प्रचलित पद्धतीत, काही परिस्थितींत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले. अफनीच्या एका भागात पंधरा वर्षे लपून राहिलेली चूकही याच काळात उघड झाली. सुरुवातीला ‘चाळीस हजार शोधनिबंध संशयास्पद’ अशी हाकाटी झाली. नंतर लेखकांनीच ते विधान सुधारले आणि निकोल्स यांनी खरोखर बाधित निबंधांचा अंदाज सुमारे साडेतीन हजारांवर आणला.

२०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास याहून बोलका होता. १०८ जणांच्या एकाच स्कॅनसंचाचे विश्लेषण ७० स्वतंत्र चमूंना करायला दिले आणि नऊ ठरावीक प्रश्नांची ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे मागितली. कोणत्याही दोन चमूंची कामाची रीत हुबेहूब सारखी निघाली नाही आणि अनेक प्रश्नांवर उत्तरांत मोठी तफावत पडली. यांपैकी कोणी लबाडी केली नव्हती. सगळे जाणकार होते, साधने मान्यताप्राप्त होती; फक्त वाटेवरचे निर्णय वेगवेगळे होते.

यावरून हे शास्त्रच फोल आहे, असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. या चुका सापडल्या कशा, हे पाहिले पाहिजे. ही सॉफ्टवेअर संशोधकांना फुकट मिळतात आणि त्यांची आज्ञावली कोणालाही वाचता येते. एकलुंड यांनी वापरलेली स्कॅनही जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी सार्वजनिक केलेली होती. त्यामुळे परक्या देशातला परका माणूस हिशेब पडताळू शकला, चूक दाखवू शकला आणि ती दुरुस्तही झाली. त्यानंतर माहिती साठवण्याची समान पद्धत आणि प्राथमिक प्रक्रियेची सामाईक प्रणाली पुढे आली. विश्लेषणाची रीत आधीच नोंदवून ठेवण्याचा आग्रह वाढला. पुण्याच्या खटल्यातल्या चाचणीचे दुखणे नेमके येथे होते. जी प्रणाली बाहेरच्या शास्त्रज्ञांनी उघडून पाहिलेली नाही, तिची चूक पंधरा वर्षे लपली तरी कळणार कशी? संशोधनात चूक निघाली तर निबंध मागे घेता येतो; तुरुंगात गेलेली वर्षे मागे घेता येत नाहीत.

दुसरा फरक गट आणि व्यक्ती यांतला. बहुतेक अभ्यास पंचवीस-पन्नास जणांच्या सरासरीवर उभे असतात. २०२२ मध्ये सुमारे ५० हजार व्यक्तींच्या माहितीवरून असे दिसले की मेंदूची रचना किंवा जोडणी आणि स्वभाव, बुद्धी यांसारख्या गुणांमधले नाते भरवशाने सांगायचे तर हजारो माणसांची स्कॅन लागतात. गटाविषयी जे खरे आहे ते समोर बसलेल्या एका मुलाविषयी किंवा एका आरोपीविषयी खरे असेलच असे नाही. तेव्हा ‘मेंदूचा नकाशा’ काढून मुलाची शाखा, स्वभाव किंवा भविष्य सांगू पाहणाऱ्या कोणालाही पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा.

एका व्यक्तीच्या बाबतीत फंक्शनल एमआरआय खरोखर उपयोगी पडतो तो मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी. गाठ भाषेच्या किंवा हाताच्या हालचालीच्या केंद्राजवळ असेल, तर रुग्णाला यंत्रात शब्द आठवायला किंवा बोटे हलवायला सांगून ते भाग शोधले जातात. मराठीत विचार करणाऱ्या रुग्णाला ही शब्दांची कामे मराठीतच दिली पाहिजेत, हे उघड आहे. येथेही रंगीत डाग हा सर्जनसाठी इशारा असतो. अंतिम खात्री गरज पडल्यास रुग्णाला जागे ठेवून, मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत उत्तेजन देऊन केली जाते. चित्राची दुसऱ्या मार्गाने पडताळणी करण्याची ही सवय न्यायालयांनी घ्यावी अशी आहे.

भारतासाठी आणखी एक मुद्दा आहे. जगभर वापरला जाणारा प्रमाण नकाशा कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये तयार झाला. २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीने १०० भारतीयांच्या स्कॅनवरून नकाशा बनवला, तेव्हा भारतीय मेंदूचे सरासरी आकारमान पाश्चात्त्य नकाशांपेक्षा लहान असल्याचे दिसले. याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही. पण मापे परकी असली तर हिशेब सरकतो. पुढे निम्हान्सच्या संशोधकांनी ६ ते ६० वर्षे वयोगटासाठी पाच भारतीय नकाशे प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या रुग्णांसाठी साधने वापरताना हे नकाशे वापरात येणे गरजेचे आहे.

संमतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने दोनदा निकाली काढला आहे. पण उद्या एखाद्याने स्वखुशीने संमती दिली, तरी यंत्राचे म्हणणे आपोआप खरे ठरत नाही. मेंदूविषयीचा कोणताही संगणकीय निष्कर्ष तपास यंत्रणेसमोर, शाळेत किंवा दवाखान्यात ठेवला गेला, तर चार गोष्टी मागता आल्या पाहिजेत : हिशेबाची रीत खुली आहे का, तिऱ्हाइताने ती पडताळली आहे का, ती शंभरात किती वेळा चुकते, आणि गटाचा निष्कर्ष एका माणसाला कोणत्या आधारावर लावला. यांची उत्तरे मिळत नसतील, तर पडद्यावरच्या रंगांवरून कोणाच्या आयुष्याचा निर्णय होऊ नये.