जिभेची नक्कल आणि भिंगारची बाळं

अहिल्यानगरला लागून असलेल्या भिंगारच्या गावठाणात बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर उताणं घेते आणि तेल चोळता चोळता त्याच्याशी बोलते. बाळ टकामका बघतं, हुंकारतं. ती थांबते, त्याचं संपलं की पुढे बोलते. बाळ आणि सांभाळणारा यांच्यातली हीच देवाणघेवाण संशोधक कॅमेरे लावून तपासतात.

तपासणीत गोम आहे. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेल्टझॉफ आणि मूर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की १२ ते २१ दिवसांची बाळं मोठ्यांनी जीभ काढली की जीभ काढतात. चित्रीकरण चोख होतं, बाळं मात्र मूठभर. तरी पाठ्यपुस्तकांनी ते उचललं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १०६ बाळं नवव्या आठवड्यापर्यंत पुन्हापुन्हा तपासली; नक्कल आढळली नाही. मेल्टझॉफ यांच्या गटाला तीच आकडेवारी पुन्हा चाळल्यावर जिभेची नक्कल सापडली! सुसान जोन्स यांच्या प्रयोगात तर महिन्याभराच्या बाळांनी संगीत ऐकूनही जिभा काढल्या; म्हणजे जीभ काढणं ही नक्कलच असेल असं नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा प्रयोग जास्त भक्कम. आई खेळता खेळता चेहरा दगडासारखा करते; बाळ आधी तिला बोलतं करू पाहतं, मग चुळबुळतं, तोंड फिरवतं. हे अनेक प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा दिसलं आहे.

पण अशा प्रयोगांत बाळासमोर बहुधा एकटी आईच. ग्लासगोतल्या ६० बाळांचा शाफर आणि इमर्सन यांचा १९६४ चा अभ्यास घरोघरी जाऊन झाला. दीड वर्षाच्या बहुतेक बाळांना एकाहून अधिक माणसांचा लळा होता, बापाचाही. माहिती मुख्यतः आयांनी सांगितलेली, म्हणजे त्यांच्या नजरेतली. कुटुंबंही एकाच शहरातली, कामगारवर्गीय. भिंगारमध्ये तर दोन नमुने शेजारीशेजारी आहेत: गावठाणात आजी, काकू, आत्या, लष्करी छावणीच्या क्वार्टरमध्ये परराज्यातून आलेली आई आणि दूर नेमणुकीवरचा जवान बाप. दोन्हींना एकच फूटपट्टी लावणं हा आळस झाला.

अंगणवाडीच्या पालक मेळाव्यात ट्रॉनिकचा प्रयोग जरूर सांगावा, जिभेचा नको. मात्र त्या काही मिनिटांच्या प्रयोगावरून मोबाइल बघताना निर्विकार होणाऱ्या आईला घाबरवू नये. प्रयोगातही आई पुन्हा हसली, की बाळ थोडं कुरकुरत का होईना, तिच्याकडे वळतं.