आलेख कोणी काढायचे?

आकड्यांचे आलेख काढणे हे वाणिज्य शाखेचे काम, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मला ते मान्य नाही. टॅब्लो, पॉवर बीआय आणि लुकर स्टुडिओ ही तिन्ही साधने मी हाताळली. स्टॅनफर्डच्या संशोधनातून २००३ साली निघालेले टॅब्लो सर्वांत देखणे. पण त्याची पूर्ण आवृत्ती विद्यार्थी असेपर्यंतच फुकट, पुढे पैसे मोजा! पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट, मात्र त्याला विंडोजचा संगणक हवा. २०१६ साली आलेले गूगलचे साधन ब्राउझरमध्येच चालते. ज्याच्या घरी संगणक नाही त्याने तेच धरावे, रंगरूप बेताचे असले तरी.

खरी गोम निराळीच आहे. कांदा क्विंटलला १८०० वरून २००० रुपये झाला, तर वाढ सुमारे ११ टक्के. उभा अक्ष १६०० पासून सुरू करा, की दुसरा स्तंभ दुप्पट उंच! तिन्ही साधने हे खुशाल करू देतात. माझ्या वडिलांना आडतीची पट्टी वाचता येते, आलेख नाही. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मग तो अक्ष तपासायचा कोणी? अर्थशास्त्र विभागाने आठवड्यातून एक तास तरी संगणककक्ष कला शाखेला उघडून द्यावा.