आंधळ्याची चाल स्वस्त का?

दिवाळीतील प्रतिपदेस आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे आणि त्या नावाचा आधार घेऊन अनेक सभ्य घरांत वर्षातून एकदा तीन पत्तीचा डाव मांडला जातो. त्यावर कोरडे ओढण्याचा आमचा आज विचार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. घरातील सतरंजीवरचा डाव त्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. आमची तक्रार निराळी आहे. नवख्या मंडळींना पानांचा क्रम तेवढा शिकविला जातो, पैसे लावण्याचे नियम कोणी समजावून देत नाही. आणि माणसे बुडतात ती पानांमुळे नव्हे, त्या नियमांमुळे.

प्रारंभी प्रत्येकाने सारखी रक्कम मध्ये टाकावयाची, तिला बूट म्हणतात. त्यानंतर पाने न पाहता खेळणारा तो ब्लाइंड. त्याने एक रुपया लावला, तर पाने पाहिलेल्याची चाल किमान दोन रुपयांची. ज्ञानाला दुप्पट दर आणि अज्ञानाला सवलत, असा हा बाजार! इतकेच नव्हे, तर शेवटी दोघे उरले आणि त्यांतील एक ब्लाइंड असला, तर पाहिलेल्याने ‘शो’ मागावयाचा नाही, असा दंडक पुष्कळ ठिकाणी पाळतात. त्याने पैसे टाकीत राहावे, नाही तर पाने टाकून द्यावी. (पोकरमधील ब्लाइंड वेगळा. तेथे पाने वाटण्यापूर्वी ठराविक खेळाडूंनी सक्तीने भरावयाच्या रकमेला ते नाव आहे. शब्द एक म्हणून खेळ एक, असे समजणारा येथेच फसतो.)

ब्लाइंड खेळणारा वेडा असतो, असेही नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात संभवतात. त्यांपैकी १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारांतून जवळजवळ तीन वेळा पाने पाहून निराशाच पदरी यावयाची.

खरा धोका दुपटीत आहे. आपली पाळी आली की चालू रक्कम दुप्पट करण्याची मुभा प्रत्येकास असते. एका रुपयापासून आरंभ करून दहा वेळा दुप्पट झाली की ब्लाइंडचा भाव १,०२४ रुपये होतो आणि पाहिलेल्यास एका चालीला २,०४८ मोजावे लागतात. बुद्धिबळाच्या घरांवरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आम्ही मास्तरकी करीत असताना वर्गात सांगत असू. मुलांना ती फार आवडे. हिशेब मात्र फळ्यावरच राहिला असावा.

पोकरने या पुराला एक बांध घातला आहे. पाने वाटताना खेळाडूपुढे जेवढे पैसे असतील तेवढेच त्या डावात धोक्यात. मध्येच खिशात हात घालावयाचा नाही. यास टेबल स्टेक्स म्हणतात. रक्कम अपुरी पडली तर उरलेले सारे लावून, म्हणजे ऑल-इन होऊन, खेळाडू डावात टिकतो आणि आपण लावले त्या प्रमाणातच प्रत्येकाकडून जिंकतो. इतरांची जादा रक्कम निराळ्या ढिगात पडते. घरगुती तीन पत्तीत असा बांध बहुधा नसतो. पैसे संपले की चांगली पानेही टाकून द्यावी, नाही तर शेजाऱ्याकडून उसने घ्यावे. आणि बहुतेक जण उसनेच घेतात.

कौरवांच्या सभेत फासे कपटाचे होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पणाला मर्यादा नव्हती, याकडे आपले लक्ष कमी जाते. जो स्वतःला आधी हरला त्यास आपल्याला पणाला लावण्याचा अधिकार कोणता, हा द्रौपदीचा प्रश्न मुळात नियमाचाच प्रश्न होता. भीष्मांनाही त्याचा निर्णय देता आला नाही. खेळ सुरू झाल्यावर नियम विचारावयाचा म्हणजे असेच व्हावयाचे.

तेव्हा ज्यांना डाव मांडावयाचाच आहे, त्यांनी पाने पिसण्यापूर्वी चालीची कमाल मर्यादा आणि मध्ये जमावयाची एकूण रक्कम कागदावर लिहावी. ती भरताच सर्वांनी पाने उघडावी. उसनवारी मुळीच नको. आणि घरात महिन्याचा खर्च जिच्या हाती असतो, तिला तो कागद आधी दाखवावा.